सफरचंद नसलेला अ‍ॅपल पाय

"सफरचंदं किन्नौरची का गं?" दुसरा घास घेता घेता वहिनींनी विचारलं. बिस्किटं आहेत म्हटल्यावर चमचा खाली. "काहीतरीच बाई!" बशी तशीच राहिली.

तेव्हापासून तेच डोक्यात. घास तोच, पाक तोच, दालचिनीही तीच. मग कळल्याबरोबर चव कुठे गेली?

अमेरिकेत यादवी युद्धाच्या काळात दक्षिणेकडे टंचाई होती. तिथे रिचमंडला 1863 साली छापलेल्या पुस्तकात ही कृती आहे: भिजवलेले क्रॅकर (पातळ, कुरकुरीत बिस्किटं), टार्टरिक अ‍ॅसिड, साखर, लोणी, चिमूटभर जायफळ. पुढे 1934 मध्ये रिट्झ क्रॅकर आले आणि कृती त्यांच्या खोक्यावरच छापली जाऊ लागली. टंचाईत हा पाय करणाऱ्या बायकांना कुणी बशी सारून दाखवली असेल का? असो.

खोक्यावरच्या मापात 36 रिट्झ लागतात, म्हणजे साधारण 120 ग्रॅम. मी मोनॅको घेतली, तीही वजनावर. वरचं मीठ झटकायचं आणि लोणी दोनऐवजी तीन मोठे चमचे घालायचं. मैद्याच्या पारीवर बिस्किटांचे जाडसर तुकडे पसरायचे, चुरा करायचा नाही. क्रॅकरच्या कणकेला पदर असतात, म्हणून पाकात फुगूनही तुकडे शिजलेल्या फोडींसारखे उभे राहतात. ढवळलंत की लापशी.

पाकाला 2 कप साखर, पावणेदोन कप पाणी आणि 2 छोटे चमचे क्रीम ऑफ टार्टर (बेकिंगमधली आंबट पांढरी पूड). मंद आचेवर पंधरा मिनिटं. टार्टरमुळे साखर परत दाणेदार होत नाही, शिवाय आंबटपणा येतो. उतरवल्यावर 2 मोठे चमचे लिंबाचा रस. खोक्यावरच्या कृतीतली अख्ख्या लिंबाची किसलेली साल आपल्या कागदी लिंबाला झेपत नाही, पांढरा भाग लगेच कडवटतो. अर्धीच घ्यावी, वरवरची. पाक पूर्ण निवू द्यायचा, गरम ओतला तर पारीतलं लोणी वितळून तळ गिच्च. अर्धा चमचा दालचिनी, लोण्याचे गोळे, वरून दुसरी पारी, तिला चिरा. 220 अंशांवर 30 ते 35 मिनिटं. आणि गार होईस्तोवर कापायचा नाही, नाहीतर सगळं बशीभर वाहतं.

भाजलेल्या सफरचंदात तरी काय उरतं? बराचसा सुवास उडून जातो. जिभेला कळतं ते आंबटगोड, मऊ आणि दालचिनी. बाकीचं सफरचंद आपण मनाने घालतो. म्हणजे वहिनींना फसवलं कुणी, मी की त्यांच्याच जिभेने? एवढा खटाटोप करून शेवटी अपराधी मीच. कुणाला कौतुक म्हणून नाही. आईंना आवडला असता बहुतेक.

मग टुटीफ्रुटी आठवली आणि हसूच आलं. कच्ची पपई उकडून, पाकात मुरवून, लाल-हिरवी रंगवलेली. बेकरीतल्या केकमध्ये ती आपण सगळे वेचून वेचून खातो, वहिनीसुद्धा. तिथे कुणाचा चमचा खाली जात नाही, कारण ती कुठलं फळ असल्याचा दावाच करत नाही.

पुढच्या वेळी जायफळ घालून बघेन. आणि 'बिस्किटांचा पाय' असं आधीच सांगेन. ज्याला खायचा तो खाईल. उरलेला अर्धा तोवर माझा.