आमची वाटचाल : जुनी एटीएम सर्किटं एमपीएलएसवर नेताना

रत्नागिरीत राहून आम्ही अलिबागपासून सावंतवाडीपर्यंतच्या टेलिकॉम साइट्सची कामं घेतो. सुरुवात ई-वन लाइनची (सेकंदाला दोन मेगाबिटची जुनी डिजिटल लाइन) देखभाल, एक्स्चेंजमधलं केबलिंग आणि लीज्ड लाइन जोडून देण्यापासून झाली. पुढे गिऱ्हाईक आमच्याकडे येऊ लागलं ते एका नेमक्या कामासाठी. जुन्या एटीएमची, म्हणजे असिंक्रोनस ट्रान्सफर मोडची, व्हर्च्युअल सर्किटं एमपीएलएसच्या, म्हणजे लेबल पाहून पॅकेट पुढे पाठवणाऱ्या, पॅकेट नेटवर्कवरून पलीकडे न्यायची आणि दोन्ही टोकांच्या जुन्या यंत्रांना मधला बदल जाणवू द्यायचा नाही.

हे काम आलं कुठून, तर दोन वाटांनी. डीएसएल ब्रॉडबँडच्या काळात डीएसलॅम, म्हणजे घरोघरच्या डीएसएल लाइनी एकत्र करणारी यंत्रं, एटीएमवर चालत. बीएसएनएलच्या मोडेममध्ये व्हीपीआय ० आणि व्हीसीआय ३५ भरायचं अनेकांना आठवत असेल, तो त्याच सर्किटचा पत्ता. दुसरी वाट थ्रीजीची. टॉवरवरचं रेडिओ यंत्र नोड-बी आणि अशा टॉवरांना चालवणारा आरएनसी यांच्यातली लाइन एटीएमची असे, बहुतेकदा दोन-चार ई-वन आयएमए पद्धतीने एका गटात बांधून. मधलं नेटवर्क एमपीएलएसचं झालं, एटीएम स्विचचे सुटे भाग मिळेनासे झाले, पण टोकाची उपकरणं चालू राहिली. अशा जोडणीला स्यूडोवायर म्हणतात, तिचं प्रमाणित स्वरूप आरएफसी ४७१७ या इंटरनेटच्या मानकात आहे, डिसेंबर २००६ चं. कागद वाचून रचना समजते. प्रत्यक्ष लाइनवर काय बिघडतं ते मात्र कामातूनच कळत गेलं.

एटीएमचा सेल, म्हणजे माहितीचा ठरावीक तुकडा, ५३ बाइटचा, ५ हेडरचे आणि ४८ मजकुराचे. सेल मोडमध्ये राउटर हेडरमधला एचईसीचा, म्हणजे हेडर तपासण्याचा, एक बाइट काढून टाकतो आणि उरलेले ५२ बाइट पुढे पाठवतो. त्यांच्यापुढे ४ बाइटचा कंट्रोल वर्ड, ४ बाइटचं स्यूडोवायरचं लेबल आणि ४ बाइटचं, पलीकडच्या राउटरपर्यंत नेणारं टनेलचं लेबल लागतं, आणि बाहेरून इथरनेटचे १८. हिशेब केला तर एका सेलमागे तारेवर ८२ बाइट जातात. दहा सेल एका पॅकेटमध्ये बांधले तर ५५० बाइट, म्हणजे सेलमागे ५५. वीस बांधले तर १,०७० बाइट, सेलमागे साडेत्रेपन्न. दहावरून वीसवर जाऊन वाचतो तो जेमतेम दीड बाइट आणि सेल गोळा होण्याची वाट मात्र दुप्पट पाहावी लागते. भरलेल्या एका ई-वनवर सेकंदाला ४,५२८ सेल येतात, दर २२१ मायक्रोसेकंदांना एक. दहा सेल जमायला सव्वादोन मिलिसेकंद लागतात, वीसला साडेचार. १,५०० च्या एमटीयूत (एका पॅकेटची कमाल लांबी) २८ सेल बसतात म्हणून २८ लिहून टाकणारे पुष्कळ आहेत. आवाजाच्या लाइनवर आम्ही दहाच्या पुढे जात नाही आणि टायमर एक मिलिसेकंदावर ठेवतो, तेवढ्यात जमलेले सेलच सुटतात, म्हणजे पहाटे रहदारी कमी असताना सेल अडकून पडत नाहीत.

बांधणीचा दुसरा परिणाम जास्त त्रासाचा, आणि तो एमपीएलएसच्या बाजूने दिसतच नाही. दहा सेल एका पॅकेटमधून उतरतात तेव्हा ते एकमेकांना चिकटून बाहेर पडतात. पुढच्या एटीएम स्विचवर पोलिसिंग, म्हणजे वेगावरची पाळत, चालू असेल आणि सीडीव्हीटी, म्हणजे सेलमधलं अंतर कमीजास्त होण्याची मुभा, कडक लावलेला असेल, तर त्या स्विचला वाटतं की ठरलेला पीक सेल रेट, म्हणजे कमाल वेग, ओलांडला आणि तो सेल टाकून देतो. लेबलं ठीक, कोअरमध्ये एकही एरर नाही, पण कॉल तुटक येतो. अशा वेळी स्विचवरचा पोलिसिंगचा काउंटर पाहावा, तो वाढत असतो. उतरणाऱ्या राउटरवर त्या पीव्हीसीला (कायमच्या व्हर्च्युअल सर्किटला) शेपिंग लावायचं, म्हणजे सेल पुन्हा अंतराने सुटतात. शेपिंगची सोय नसलेलं कार्ड असेल तर सीडीव्हीटी सैल करून घ्यायचा. पण शेपिंग आधी.

डीएसएलच्या सर्किटला सेल मोड वापरणं म्हणजे बँडविड्थची उधळपट्टी. तिथे एएएल-५ मोड घ्यावा. तो आख्खी फ्रेम जोडून, पॅडिंग आणि ८ बाइटचा ट्रेलर काढून पाठवतो, पलीकडचा राउटर ते परत लावतो. ब्रिज्ड जोडणीत १,५०० बाइटच्या पॅकेटला इथरनेटचे १४ आणि एलएलसी-स्नॅप या जोडहेडरचे १० लागून १,५२४ होतात, वर कंट्रोल वर्ड आणि दोन लेबलं मिळून १,५३६. फास्ट रीराउटचं, म्हणजे लिंक तुटल्यावर लगेच वाट बदलण्याचं, तिसरं लेबल लागलं की १,५४०. कोअरच्या एकाही लिंकवर एमटीयू १,५०० राहिला असेल तर साधा पिंग जातो, लहान पानं उघडतात आणि मोठं काही डाउनलोड होत नाही. गिऱ्हाईक मोडेम बदलून पाहतं, लाइनमन तांब्याची जोडी बदलून पाहतो आणि दोष असतो घाटापलीकडच्या एखाद्या पोर्टवर. म्हणून काम हातात घेण्याआधी आम्ही दोन्ही राउटरांमध्ये १,५४० बाइटचा, तुकडे करायला मनाई असलेला पिंग चालवून घेतो. जमलं तर सगळीकडे १,६०० करून मागतो.

एएएल-५ मोडमध्ये एक गोष्ट हमखास सुटते, ओएएम सेल, म्हणजे लाइन ठीक आहे का तपासणारे सेल. कंट्रोल वर्डमधला टी बिट लावून ते वेगळे पाठवायची तरतूद आहे, पण ती चालते का हे टोकापासून टोकापर्यंत एफ-५ लूपबॅक (सेल पाठवून परत येतो का पाहणं) मारूनच ठरवावं. त्याचबरोबर मधली स्यूडोवायर तुटली की उतरणाऱ्या राउटरने टोकाकडे एआयएस, म्हणजे लाइन तुटल्याचा अलार्म, पाठवायला हवा. तो गेला नाही तर टोकाचं यंत्र लाइन चालू आहे असंच समजतं आणि बॅकअपवर जात नाही. आम्ही स्वीकारचाचणीत मधलं फायबर मुद्दाम काढतो आणि टोकाच्या पोर्टवर अलार्म येतो का पाहतो. अलार्म आला नाही तर सही करत नाही, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

क्लॉकबद्दल सर्वांत जास्त वाद होतात. नोड-बीला रेडिओची फ्रिक्वेन्सी ५० पीपीबीच्या (अब्जात पन्नास भागांच्या) आत धरावी लागते आणि तो संदर्भ तो ई-वनच्या क्लॉकवरून घेतो. पॅकेट नेटवर्क आपणहून क्लॉक वाहून नेत नाही. सेल मात्र जात राहतात, कारण वेगातला बारीक फरक रिकामे सेल भरून काढतात, त्यामुळे दोष झाकला जातो. डेटा चालतो, काउंटर स्वच्छ दिसतात, आणि काही दिवसांनी एका टॉवरवरून दुसऱ्यावर जाताना कॉल तुटू लागतात. टॉवरकडच्या राउटरचा ई-वन पोर्ट आतल्या ऑसिलेटरवर सोडायचा नाही. सिंक्रोनस इथरनेट, पीटीपी किंवा जीपीएस, यांपैकी एक खरा स्रोत द्यायचाच. मधल्या एखाद्या जरी स्विचला सिंक्रोनस इथरनेट येत नसेल तर ती साखळी तिथेच तुटते, हे आराखड्यात आधी तपासायचं.

स्यूडोवायर उठली नाही तर आम्ही ठरलेल्या क्रमाने जातो. दोन्हीकडे पीडब्ल्यू (स्यूडोवायर) आयडी आणि प्रकार एकच आहे का, कंट्रोल वर्डची सेटिंग जुळते का, एएएल-५ असेल तर एमटीयू सारखा आहे का. एवढं जुळूनही अडलं तर राउटरचा लूपबॅक पत्ता, म्हणजे त्याचा स्वतःचा कायमचा पत्ता, पाहतो. तो ३२ बिटांच्या मास्कनेच पोचायला हवा. वाटेत कुणी पत्ते एकत्र करून जाहीर केले तर लेबलं वाटणाऱ्या एलडीपीचं सेशन उभं राहतं, पण टनेलचं लेबल मिळत नाही.

किनाऱ्यावर याच्या जोडीला खारी हवा. ई-वनच्या ७५ ओहमच्या बीएनसी कनेक्टरवर हिरवी पुटं चढतात, सीआरसी-४ तपासणीचे एरर वाढतात आणि आयएमए गटातली एकेक लाइन गळते. गट चालूच राहतो, क्षमता तेवढी उतरते, म्हणून कुणी तक्रार करत नाही. मालवण, गुहागर, श्रीवर्धनसारख्या ठिकाणी पावसाळ्याआधी कनेक्टर बदलणं हा आमच्या कराराचाच भाग आहे. जिथे जमेल तिथे १२० ओहमच्या तारजोडीवर नेऊन बीएनसीच काढून टाकतो.

फायबरचा प्रश्न वेगळा. महामार्ग ६६ च्या रुंदीकरणात एकाच चरात टाकलेली दोन फायबरं एकदम तुटतात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने रायगडचा किनारा झोडपला, २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं. त्यामुळे आता पर्यायी स्यूडोवायर किनाऱ्यानेच नेणारा आराखडा आम्ही परत पाठवतो. एक वाट किनाऱ्याने असेल तर दुसरी आंबा किंवा कुंभार्ली घाटाने वर जायला हवी. लांबी वाढल्याची चिंता नको, दोनशे किलोमीटर फायबरला एका दिशेने एक मिलिसेकंद लागतो. राउटर तळमजल्यावर ठेवायचा नाही, हेही लेखी घेतो.

थ्रीजी आवरत चाललं आहे, डीएसएलच्या जागी घराघरात फायबर आलं. आता येणाऱ्या चौकशा बहुतांशी सर्किटं बंद करण्याच्या असतात. तिथेही आधी जुन्या स्विचवरून प्रत्येक पीव्हीसीचा व्हीपीआय-व्हीसीआय, सेवेचा वर्ग, ठरलेला वेग आणि आठवडाभराचे सेलचे आकडे काढतो. काउंटर शून्य असलेलं सर्किटही लगेच काढत नाही, ते बॅकअपचं असू शकतं. दोन्ही टोकांचे पोर्ट बंद करून महिनाभर ठेवतो, मग कॉन्फिगरेशन पुसतो आणि कार्ड काढून सिलिका जेलसह पिशवीत बंद करतो, कारण तसलं चालू कार्ड आता बाजारात मागून मिळत नाही.