हेळसांडीचा आरोप: समितीसमोरचे पहिले पंधरा दिवस

पालकांवर हेळसांडीचा आरोप होऊन मूल ताब्यात घेतलं की प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्याला बाल कल्याण समितीसमोर हजर करावं लागतं. ते २४ तास आम्ही पोलीस ठाण्याच्या बाकावर घालवले, ही आमची पहिली चूक. मूल कुठे राहणार हे ठाणं ठरवत नाही, समिती ठरवते. अध्यक्ष आणि चार सदस्यांच्या या समितीला बाल न्याय अधिनियम, २०१५ नं दंडाधिकाऱ्याचे अधिकार दिलेत. पण तिथे पालकांवर खटला चालत नसतो. तिथला प्रश्न एकच असतो: हे मूल घरी सुरक्षित राहील का? गुन्हा दाखल झाला असेल तर ती बाजू वेगळी चालते. तयारी दोन्हीकडची वेगवेगळी करावी लागते, आणि एकीकडे बोललेलं दुसरीकडे पोचतं हे धरूनच चालायचं.

वकिलासाठी आधी ओळखीपाळखीत शोधाशोध केली. तेवढ्या वेळात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज झाला असता. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ खाली स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, म्हणून अर्ज आईच्या नावानं करावा. हेल्पलाइन १५१००. अर्ज करतानाच ‘समितीसमोरची कामं केलेला वकील द्या’ असं सांगायचं. नुसत्या फौजदारी वकिलाची सवय गप्प बसायला सांगण्याची, आणि समितीसमोर गप्प बसलेले पालक बेफिकीर दिसतात.

पहिल्या तारखेला सगळ्यात आधी काय पाहायचं, तर मुलाची नोंद कशी झाली आहे ते. ‘परित्यक्त’ किंवा ‘बेवारस’ असा शब्द कुठेही पडला असेल तर त्याच दिवशी लेखी हरकत द्यायची: आम्ही जन्मदाते पालक हजर आहोत, हा जन्मदाखला, हे आधार कार्ड. हा शब्दांचा कीस नाही. पालक सापडले नाहीत असं ठरलं तर दोन वर्षांपर्यंतच्या मुलाला दोन महिन्यांत आणि त्यापेक्षा मोठ्या मुलाला चार महिन्यांत दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त घोषित करण्याची वाट बाल न्याय अधिनियमाच्या कलम ३८ मध्ये आहे. आपलं प्रकरण त्या रुळावर चुकूनही जाता कामा नये. प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या आणि दुसरीवर पोच, म्हणजे शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक, घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

खरी लढाई सामाजिक तपासणी अहवालाची. कायद्यानं तो पंधरा दिवसांत पूर्ण व्हायला हवा आणि अंतिम आदेश पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत. समितीच्या सदस्यांनी तुमचं घर पाहिलेलं नसतं. ते त्यांना अहवालातूनच दिसतं. गृहभेटीला आलेला अधिकारी मूल कुठे झोपतं, आईवडील कामावर असताना घरात कोण असतं, शाळेची हजेरी किती, शेजारी काय म्हणतात हे बघतो. शेजाऱ्यांना पढवू नका. तीन घरांतून शब्दन् शब्द सारखं उत्तर आलं की अधिकाऱ्याला लगेच वास येतो. त्यापेक्षा कागद बोलू द्या: माता-बाल संरक्षण कार्ड, अंगणवाडीतल्या वजनाच्या नोंदी, लसीकरण, दवाखान्याच्या जुन्या चिठ्ठ्या, शाळेचं प्रगतिपुस्तक. तारखेप्रमाणे लावून, पानांना क्रमांक घालून, वर एका पानाची यादी. मूल बारीक आहे म्हणून ‘उपाशी ठेवलं’ असा आरोप असेल, तर दोन-तीन वर्षं एकाच रेषेच्या आसपास चाललेला वाढीचा आलेख तोंडी खुलाशांपेक्षा कितीतरी भारी पडतो. आलेख मध्येच खाली घसरला असेल तर त्या महिन्यात काय झालं होतं त्याचा वैद्यकीय कागद शोधा. तो प्रश्न येणारच.

अंगावरच्या खुणांचं वेगळंच असतं. कमरेखाली, कुल्ल्यांवर निळसर-करडा डाग ही आपल्याकडच्या बाळांमध्ये अगदी सामान्य जन्मखूण, डॉक्टरी भाषेत मंगोलियन स्पॉट. न पाहिलेल्याला तो मुका मार वाटतो. फरक दिवसांत कळतो: माराचा डाग काळानिळा, हिरवट, पिवळा असे रंग बदलत साधारण दोन आठवड्यांत जातो, जन्मखूण महिनोन्‌महिने तशीच राहते. म्हणून बालरोगतज्ज्ञाकडून काही दिवसांच्या अंतरानं दोनदा तपासणी आणि तारखेसह लेखी अभिप्राय मागायचा. वारंवार हाड मोडत असेल तर ठिसूळ हाडांचा जन्मजात आजार किंवा मुडदूस, सहज काळंनिळं पडत असेल तर रक्त गोठण्याचे दोष तपासून घ्यायला सांगायचं. मूल बालगृहात असेल तर तपासणीसाठी समितीकडेच अर्ज करावा लागतो.

दरम्यान मूल संस्थेत राहण्याला पर्याय असतो आणि तो मागितल्याशिवाय सहसा कुणी सुचवत नाही. आजी, मावशी, काका असं कुणी ‘योग्य व्यक्ती’ म्हणून सुचवता येतं. त्या व्यक्तीची ओळखपत्रं, राहत्या घराचा पुरावा आणि संमतिपत्र सोबत जोडा. कलम ३ मधली ‘संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय’ आणि ‘संगोपनाची पहिली जबाबदारी जन्मदात्या कुटुंबाची’ ही दोन तत्त्वं अर्जात नावानिशी लिहा. भेटीच्या परवानगीचा अर्ज वेगळा द्या आणि मिळालेली एकही भेट चुकवू नका. भेटींची नोंद राहते.

पोलिसांकडे आधी कलमं पाहायची. बाल न्याय अधिनियमाचं कलम ७५ म्हणजे मुलाशी क्रूरता: तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हेळसांड ‘जाणूनबुजून’ केलेली असावी लागते, सगळा बचाव या एका शब्दाभोवती फिरतो. भारतीय न्याय संहितेचं कलम ९३, म्हणजे बारा वर्षांखालच्या मुलाला टाकून जाणं, लागलं असेल तर शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. मग अटकपूर्व जामिनाचं वकिलाशी त्याच दिवशी बोलायचं. तपासात साक्षीदार म्हणून घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते, तसं कायद्यातच आहे. समितीपुढच्या जबाबावर मात्र सही होते, तेव्हा तो वाचूनच करायची. ‘शेजारी ठेवून औषध आणायला गेलो’ याचं कागदावर ‘मुलास एकटे सोडून गेलो’ झालेलं असतं, आणि लिहिणाऱ्याच्या मनात खोट असतेच असंही नाही. जागच्या जागी दुरुस्ती सांगायची.

चिडून मुलाचा फोटो आणि हकीकत समाजमाध्यमांवर टाकण्याचा मोह होतो. करू नका. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ खाली मुलाची ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तो पालकांनाही लागतो.

अहवाल गोपनीय असतो, पण कलम ९९ खाली समिती त्याचा सारांश पालकांना सांगू शकते आणि त्यावर पुरावा देण्याची संधी देऊ शकते. ‘शकते’ असा शब्द आहे, म्हणून लेखी मागायचं. सारांशातल्या चुका मुद्देसूद, एका पानात, प्रत्येक मुद्द्यासमोर कागदाचा पान क्रमांक देऊन. लांबलचक कैफियत कुणी वाचत नाही.

मूल घरी देण्याचा आदेश बहुधा देखरेखीसह येतो. अधिकारी मध्येमध्ये येतात. तीच फाइल पुढे चालू ठेवायची. आदेश विरुद्ध गेला तर बाल न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवसांची, आणि ती आदेशाच्या तारखेपासून मोजतात. नक्कल मिळायला दिवस जातात, म्हणून नकलेचा अर्ज घरूनच लिहून नेलेला बरा, आदेश वाचून दाखवला की लगेच खिडकीत देता येतो.