तुम्ही विचारलंत म्हणून : जठर नसताना जेवता कसे?

कॅन्सरमुळे माझं जठर पूर्ण काढलंय हे कळलं, की समोरच्याची नजर आधी माझ्या पोटावर जाते. मग प्रश्न येतो, "मग तुम्ही जेवता कसे?" विचारायचं असतं ते वेगळंच : असं जगणं जगण्यासारखं असतं का?

आधी जेवणाचं सांगतो. माझी अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडली आहे. मध्ये साठवायला जागाच नाही, म्हणून दिवसातून सहा-सात वेळा थोडं थोडं, खूप चावून खायचं. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर आडवं होणं नाही, आणि बी १२चं इंजेक्शन जन्मभर. गोड जास्त झालं की अर्ध्या तासाच्या आत घाम फुटतो, छाती धडधडते, पोटात कळ येते. डॉक्टर याला डंपिंग म्हणतात. पहिल्यांदा झालं तेव्हा वाटलं, आटोपलं सगळं. आता नुसती खुर्ची शोधतो.

मला नवल वाटलं ते भुकेचं. भूक जागवणारं घ्रेलिन हे हार्मोन मुख्यतः जठरातच तयार होतं. जठर गेलं आणि त्याच्याबरोबर भूकही. मी गजर लावून जेवतो. भूक नसताना रोज सहा वेळा तोंड हलवणं म्हणजे नोकरीच आहे, तीही बिनसुट्टीची. ऑपरेशननंतर बायकोशी जेवढी भांडणं झाली, ती बहुतेक सगळी ताटावरून. तिचं लक्ष वजनाच्या काट्यावर, माझं उरलेल्या चार घासांवर. दोघांचंही बरोबरच होतं, म्हणून तर भांडण मिटायचं नाही.

केमोतल्या ऑक्सॅलिप्लॅटिनने बोटांत मुंग्या ठेवल्या. औषध थांबलं की त्या जातील असं मी धरून चाललो होतो. उलट पुढचे काही महिने त्या वाढल्या. आता बऱ्याच कमी आहेत, पण शर्टाचं वरचं बटण अजून दाद देत नाही. थकव्याचं काय सांगू? झोपून उठल्यावरही तो शेजारी बसलेला असतो.

तर, जगण्यासारखं असतं का? बऱ्याच दिवशी हो. स्कॅनच्या आधीच्या आठवड्यात मात्र विचारू नका.

परवा गजर व्हायच्या आधीच काहीतरी खावंसं वाटलं. भूक नसेल ती, भुकेची आठवण असेल. उठून खाल्लं. बायकोला अजून सांगितलेलं नाही. लगेच वाढप वाढेल.