हिरव्या नोकऱ्या मोजायच्या तरी कशा?

परवा अमेरिकेची रोजगाराची जुनी आकडेवारी बघत बसलो आणि खरंच वाईट वाटलं. तिथल्या बीएलएसने, म्हणजे कामगार आकडेवारीच्या सरकारी खात्याने, सुमारे 1,20,000 आस्थापनांना विचारलं की तुमच्या कमाईतला किती भाग पर्यावरणाला उपयोगी माल किंवा सेवेतून येतो, आणि त्या हिशोबाने 2010 साठी 31 लाख हिरव्या नोकऱ्या निघाल्या, 2011 साठी 34 लाख. त्यात स्कूल बसचे ड्रायव्हरही धरले म्हणून संसदेत केवढा वाद! मला तर ते पटतं, चाळीस पोरांना चाळीस गाड्या सोडायला जाण्यापेक्षा एक बस बरी ना. पण कारखान्यात आतल्या आत वीज-पाणी वाचवायचं काम करणारा यात येत नव्हता, त्याच्यासाठी वेगळा सर्व्हे करावा लागला.

आणि राज्यांशिवाय हे जमतच नाही, कुठे किती कामगार आहेत हे ज्यातून कळतं त्या बेकारी विम्याच्या नोंदी त्यांच्याकडे असतात, मग प्रत्येक राज्याची हिरव्या नोकरीची व्याख्या वेगळी असेल तर बेरीज कशाची करणार?

2013 मध्ये बजेटला कात्री लागली आणि हे मोजणंच बंद केलं. दोनच वर्षांचे आकडे हो, त्यात ट्रेंड काय दिसणार!