रिमोट एका खिशात, सेल दुसऱ्या

काका तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांनी माझ्या टेबलावर दोन वस्तू ठेवल्या. एका खिशातून रिमोट काढला, दुसऱ्या खिशातून त्याचा सेल. "रात्री गाडी लॉक केली आणि सेल काढून ठेवला. सकाळी चारही लॉक उघडी. आता सांगा, खिशात बटण दाबलं जातं का?"

खिशाचं ते निदान माझंच होतं.

गाडी जुनी, रिमोट मागाहून बसवलेला. अशा गाडीत रिमोटवर खापर फोडणं सोपं असतं. सेल उतरलेला, बटणाखालचं रबर झिजलेलं, सेल धरणाऱ्या पत्र्याचा सोल्डरचा टाका सुटलेला, काहीही निघू शकतं. पहिल्या वेळी मी नवा सीआर २०३२ सेल टाकला, दहा वेळा लॉक-अनलॉक करून दाखवलं आणि बिलाखाली लिहिलं, 'तपासले, दोष नाही.' दुसऱ्या वेळी ड्रायव्हरच्या दारातली लॉकची मोटर बदलली. ती बिघडली होती म्हणून नव्हे. तक्रार परत आली की काहीतरी बदललेलं दिसावं लागतं. आमच्या धंद्यात बरेच पार्ट याच कारणासाठी बदलले जातात, कोणी कबूल करत नाही इतकंच.

दरम्यान काकांच्या घरी निकाल लागून गेला होता. बाबा लॉक करायला विसरतात. मुलगा रोज रात्री खाली उतरून दारं ओढून बघायचा. "मलाही वाटायला लागलं होतं हो," काका म्हणाले, "म्हणून सेल काढून पाहिला."

या जातीच्या लॉकिंगमध्ये तीन दारांच्या मोटरला दोन-दोन वायरी असतात, ड्रायव्हरच्या दारातल्या मोटरला पाच. दोन मोटर फिरवायला. उरलेल्या तीन आतल्या स्विचच्या. हे दार किल्लीने उघडलं की त्यातली एक वायर अर्थला टेकते, डॅशबोर्डखालची लॉकिंग चालवणारी डबी समजते की उघडायचं आहे, आणि चारही दारं खट्. म्हणजे त्या वायरीला रिमोट लागत नाही, सेल लागत नाही. गाडीचा पत्रा म्हणजेच अर्थ, तो लागला तरी पुरे.

हे मला पाठ आहे. तरी दोन फेऱ्यांत सुचलं नाही, कारण दोन्ही वेळा मी दार सताड उघडं ठेवून, दाराचं आतलं आवरण, म्हणजे पॅड, काढून तपासत बसलो. बहुतेक सगळे तसंच तपासतात.

या वेळी पॅडला हातच लावला नाही. डबीपाशी त्या वायरीला एलईडी टेस्टर जोडला, त्याचं दुसरं टोक प्लसला. म्हणजे वायर कुठेही अर्थला टेकली की दिवा लागणार. सगळी दारं बंद, लॉक, आणि मी आत. काकांना म्हटलं, बाहेरून गाडी हलवा. पुढून हलवली, काही नाही. मागून, काही नाही. दहा मिनिटांनी ते दमून ड्रायव्हरच्याच दाराला टेकले. दिवा लुकलुकला आणि चारही लॉक खट्कन उघडली. आम्ही काचेतून एकमेकांकडे बघत राहिलो.

पिलर, म्हणजे दाराच्या बिजागऱ्या बसतात तो गाडीचा खांब, आणि दार यांच्यामध्ये वायरींवर रबरी नळी असते. तिची कड पिलरच्या भोकातून निसटली होती आणि वायरी भोकाच्या धारेवर घासत होत्या. नेमक्या त्या वायरीचं आवरण नखाएवढं सोललेलं. दार उघडलं की वायर ताणली जाऊन धारेपासून लांब. बंद केलं की दुमडून पत्र्याच्या इतकी जवळ, की दार जरा दबलं तरी टेकावी. मी जितक्या वेळा नीट बघायला दार उघडलं, तितक्या वेळा दोष मीच लांब नेला.

अशा जागी टेप गुंडाळून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. उष्णतेने टेपचा डिंक सुटतो आणि टेप सरकते. तिथेच टाका मारणंही चूक, दुमडणाऱ्या वायरीत टाका कडक राहतो आणि वायर त्याच्या शेजारी तुटते. मी पाचही वायरी दोन्हीकडे लांबवर कापल्या, मध्ये बारीक तारांची लवचिक वायर घातली. एक जोड दाराच्या आत, एक पिलरच्या आत, वर हीटश्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी. नळीची कड भोकात चहूबाजूंनी बसली का ते बोट फिरवून पाहिलं. या कामात अख्खी दुपार गेली आणि मला तिचं काही वाटलं नाही.

मग भंगाराच्या डब्यातून काकांची जुनी मोटर शोधून काढली. बारा व्होल्ट दिले, खट्. उलटे दिले, खट्. ठणठणीत. तिच्या जागी घातलेल्या मोटरचे पैसे या बिलातून वजा केले. काका त्यावर काहीच बोलले नाहीत, त्यांना वेगळंच हवं होतं. "यावर लिहून द्या, गाडी आपोआप उघडत होती म्हणून. घरी दाखवायचंय."

मी लिहिलं. मोठ्या अक्षरात, सही-शिक्का मारून. त्यांनी बिलाची घडी घालून ते सेलच्या खिशात ठेवलं.

'तपासले, दोष नाही' लिहिलेलं पहिलं बिलही त्यांच्या घरीच असणार. अक्षर तेच.