कबरींमधली प्रेअरी

रविवार, ऑगस्टचा पहिला आठवडा, रात्री

सकाळी वेस्टन सिमेटरीला जाऊन आलो, अजून डोक्यातून जात नाहीये. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसता मका नि सोयाबीन, आणि मधेच हे पाच एकर, गाडीतून बघणाऱ्याला वाटेल कुणीतरी पडीक टाकलंय. इलिनॉयमध्ये सहा वर्षं काढली आणि हिरवं दिसतंय तो इथला निसर्ग असंच मी धरून चाललो होतो. खरा निसर्ग म्हणजे प्रेअरी, पुरुषभर उंच गवत, फुलं, एकट्या या राज्यात २ कोटी २० लाख एकर होती. १८३७ मध्ये जॉन डीअरने पोलादी नांगर काढला, चिकट काळ्या मातीत फाळ सरसर चालायला लागला आणि काही दशकांत जवळजवळ सगळी उलथली गेली. आज धड अवस्थेतली प्रेअरी दहा हजार एकरांमागे जेमतेम एक एकर उरलीय, ती बरीचशी रेल्वेच्या कडेला नाहीतर अशा जुन्या सिमेटऱ्यांत. माणसं पुरायला कोपरा आधीच सोडलेला, तिथे नांगर घालणार कोण?

कंपास प्लांटपाशी खूप वेळ थांबलो. माझ्याहून उंच, पिवळी फुलं, खालची पानं हातभर लांब, कातरलेली, पॉलिशपेपरसारखी खरखरीत आणि सगळी उभी वळलेली. फोनवर दिशा बघितली तर खरंच पानांच्या कडा उत्तर-दक्षिण! म्हणजे सकाळ-संध्याकाळचं ऊन पसरून घ्यायचं आणि दुपारच्या उन्हाला नुसती कड दाखवायची. दांड्यावर डिंकाचे थेंब. मुळं दहा-पंधरा फूट खोल जातात म्हणे, त्यामुळे आग लागली तरी परत फुटतं, उलट जाळलं नाही तर झुडपं माजतात.

आईला व्हिडिओ कॉल केला, ती झोपायच्या तयारीत होती. कबरीच्या झिजलेल्या एका दगडाला बिग ब्लूस्टेम गवत टेकलेलं, तुऱ्याची तीन बोटं पक्ष्याच्या पायासारखी, ते दाखवलं तर म्हणाली, "अरे, ही तर आपली देवराईच की!" आजोळच्या देवराईत वाळकी काटकीही उचलू द्यायचे नाहीत, ते आठवलं.

घराजवळच्या सिमेटरीत मात्र दर आठवड्याला मशीन फिरतं, सगळं दोन इंचांवर सपाट, खाली काही जिवंत असेल तर ते वर येणार कसं? उद्या लंचमध्ये तिथे फोन करणार आहे, मागच्या कुंपणालगतची जुन्या कबरींची पट्टी एवढा एक सीझन तरी कापू नका म्हणून सांगणार आहे.