पुल्चिनेल्लाच्या टोप्या

मंगळवार, रात्री साडेदहा

आज पुन्हा तेच पान घेऊन बसले. पुल्चिनेल्ला रस्त्यात कोसळलाय आणि सोबती त्याच्याभोवती जमलेत. अठराव्या शतकातला व्हेनिसचा चित्रकार जान्दोमेनिको तिएपोलो, त्याच्या रेखाचित्रांवरून हात बसवायचा, असं ठरवून पंधरा दिवस झाले. छापील चित्रांवरूनच काढतेय; मूळ पानं पाहण्याचा योग अजून आलेला नाही.

पुल्चिनेल्ला म्हणजे इटलीच्या जुन्या मुखवट्यांच्या नाटकातला सोंगाड्या, मूळचा नेपल्सचा. अंगात घोळदार पांढरा सदरा, पाठीला कुबड, डोक्यावर वीतभराहून उंच पांढरी टोपी आणि अर्ध्या चेहऱ्यावर पोपटनाक्या मुखवटा. रंगमंचावर त्याच्याकडे आवाज असतो, उड्या असतात, हजरजबाबीपणा असतो. कागदावर यातलं काहीच नाही, आणि वर चेहराही झाकलेला. मग भाव आणायचा कुठून? पंधरा दिवस मी मुखवट्याच्या डोळ्यांच्या भोकांतच तो शोधत होते. रोज फसत होतं.

आज कंटाळून नुसत्या टोप्या काढल्या. माणसं नाहीत, मुखवटे नाहीत, फक्त टोप्यांचे कल. आणि लख्ख दिसलं! मान जराशी झुकली की टोपीचं टोक कितीतरी खाली येतं. एक टोपी आडवी, बाकीच्या तिच्याकडे वळलेल्या. काळजी सगळी तिथेच होती. इतके दिवस मी भलत्याच जागी पाहत होते.

तिएपोलोच्या या रेखाचित्रांच्या संचात एकूण १०४ पानं. तपकिरी शाई आणि तिचेच पातळ हात. नाव दिलंय ‘मुलांसाठी करमणूक’. पुल्चिनेल्लाचा बाप टर्कीच्या अंड्यातून जन्मतो, पोराचं लग्न होतं, तो सुतारकाम करतो, शाळा चालवतो, तुरुंगात जातो. एका पानावर फाशी आहे, एकावर बंदुका रोखलेले शिपाई. शेवटी त्याच्याच थडग्यातून सांगाडा वर येतो. मुलांसाठी म्हणून हे काढणाऱ्या माणसाबद्दल मला फार माया वाटते. त्याने मुलांपासून काही लपवलं नाही.

तो तेव्हा सत्तरीला आला होता. उभं आयुष्य वडिलांबरोबर, जाम्बातिस्तांबरोबर, राजेरजवाड्यांची छतं रंगवण्यात गेलेलं: आधी जर्मनीत व्युर्झबुर्ग, मग माद्रिद. वडील १७७० मध्ये माद्रिदलाच वारले. हा व्हेनिसला परतला. १७९७ मध्ये नेपोलियनच्या धाकाने हजारेक वर्षांचं व्हेनिसचं प्रजासत्ताक संपलं. त्याच सुमारास, शहराबाहेर त्झियानिगोला, वडिलांनी घेतलेल्या घराच्या भिंतींवर तो पुल्चिनेल्ला रंगवत होता. एका छतावर तर पुल्चिनेल्ला झोक्यावर, आपण खालून वर पाहतोय असा. घर स्वतःचं, कुणाची मागणी नाही, कुणाचा मोबदला नाही. ती भित्तिचित्रं नंतर भिंतींवरून सोडवून काढली. आता ती व्हेनिसच्या का’ रेत्झोनिको संग्रहालयात आहेत. रेखाचित्रांच्या नशिबी मात्र एकत्र राहणं नव्हतं. १९२० नंतर संच फुटला आणि पानं देशोदेशी गेली. कोसळणाऱ्या पुल्चिनेल्लाचं पान एका शहरात आणि त्याच्या लग्नाचं दुसऱ्या, हे मनाला लागतं. ती एकाच माणसाने एकामागून एक काढलेली आहेत, ती एकत्रच पाहायला हवीत.

आणखी एक गोष्ट आज लक्षात आली. गर्दीतले बहुतेक सगळे पुल्चिनेल्लाच. कोसळलेलाही तोच, सावरणाराही तोच. मुखवट्यामुळे त्यांच्यात लहानमोठा उरत नाही. म्हणून एकाची मान पडली की उरलेल्यांच्या माना आपसूक वळतात.

उजवीकडच्याचा हात अजून नीट जमलेला नाही. मनगट ताठ होतंय, आधार दिल्यासारखं वाटत नाही. उद्या आधी तेवढंच काढेन, दहा वेळा.